नसल्यासारखं कापड

माझे थोरले दीर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते माझ्या लग्नात. माझ्या बाहीची कड त्यांनी दोन बोटांत धरली, जरा चोळली आणि म्हणाले, "यात पॉलिएस्टर आहे." माझ्या वडिलांनी ते कापड शुद्ध रेशीम म्हणून आणलं होतं आणि ते शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा एवढासा झाला. भाऊजी बाही सोडून सरळ जेवायला निघून गेले. कुणाचा पाणउतारा केला असं त्यांच्या मनातही आलं नसेल. कापडाबद्दल खरं बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी श्वास घेण्यासारखंच होतं, आणि त्यात माणूस आडवा आला तर तो माणसाचा दोष.

गावातल्या सगळ्यांत मोठ्या कापडाच्या दुकानात ते सुटाच्या काउंटरवर होते. विशीत लागले, तिथेच केस पिकले. मालक त्यांना पारखी म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंही पारखी म्हणत. डोळे मिटून ठाण हातात दिलं तरी सूत कुठलं, वीण कशी, किती धुण्यांनंतर चमक जाईल ते सांगायचे. काळ्या कापडावर त्यांचा विशेष जीव. कोट शिवायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर ते एका झटक्यात कापड टाकायचे, आरशाकडे वळवायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, "घालून बघा, अंगावर काही नसल्यासारखं वाटेल." तीस वर्षं हे वाक्य म्हणून त्यांनी किती लोकांना नको ते कोट गळ्यात मारले असतील, देव जाणे. माझ्या नवऱ्याच्या लग्नातला कोटही त्यांतलाच. तो घालून बिचारा दिवसभर घामानं निथळत होता.

मला ते आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. नाकानं कांदे सोलणारा माणूस. घरात कुणीही नवीन कपडा घातला की त्याची उलटतपासणी व्हायची. पण पुढे त्यांचं जे झालं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

सुरुवात कोपरांपासून झाली. लालसर चट्टे आणि वर पांढरे पापुद्रे. मग पाठ, पाय, दंड, हाताचे पंजे आणि शेवटी डोकं. सोरायसिस. तो कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, फक्त कातडीचे कोंड्यासारखे पापुद्रे दिवसभर गळत राहतात. दुसऱ्या कुणाला झाला असता तर त्यानं खाजवत, कुरकुरत दिवस काढले असते. भाऊजी काळ्या कापडाच्या काउंटरवर उभे असत. गिऱ्हाइकासमोर कापड पसरायचं, हात फिरवायचा, आणि बाहीतून पांढरा भुगा त्या काळ्यावर पडायचा. सुरुवातीला ते म्हणायचे, "खडूची पूड आहे, आत्ताच माप आखलं." फुंकर मारायचे, हसायचे. खडूवर काही महिने निभावलं. मग एका बाईनं नवऱ्याच्या कोटासाठी पसरलेल्या कापडावरून एक पापुद्रा नखानं उचलला, उजेडात धरला आणि नवऱ्याला घेऊन दुकानाबाहेर गेली. त्या दिवसापासून दुकानातले बाकीचे विक्रेते त्यांना पाठीमागे भुसा म्हणायला लागले. पाठीमागे म्हणजे त्यांना ऐकू जाईल एवढं पाठीमागे.

घरी काही वेगळं नव्हतं. माझ्या जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, कपड्यांचा ब्रश हातात घेऊनच त्यांच्यामागे फिरायच्या. ते खुर्चीतून उठले की खुर्ची झाडायची, पलंगावरून उठले की चादर खिडकीबाहेर झटकायची, आणि तेही शेजारणींना दिसेल असं. "माणूस आहे की पोपडे निघालेली भिंत?" असं त्या माझ्यासमोर, त्यांच्यादेखत म्हणाल्या होत्या. भाऊजी त्यावर एवढंच म्हणाले, "ब्रश मऊ घे, त्या चादरीचं सूत निघेल." मला हसू आलं आणि लगेच त्या दोघांचाही राग आला.

मग मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. दुकान नव्या इमारतीत जाणार होतं. पुढून सगळी काच, काळे गुळगुळीत काउंटर आणि वरून दिवे. थंडीच्या तोंडावर उघडायचं ठरलं होतं. मालक म्हणाले, "पारखी, त्या दिव्यांखाली केस पडला तरी दिसणार आहे. तोवर बरे होऊन या, काउंटर तुमचाच. नाहीतर खाली तळघरात गोदाम आहे, तिथे ठाणं मोजायची." घरी येऊन भाऊजींनी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. ज्या माणसाला काउंटरवर उभं राहण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं आणि नको होतं, त्याला तळघर म्हणजे जिवंतपणी पुरणं.

दवाखान्यात त्यांच्याबरोबर मी गेले, कारण जाऊबाईंनी सरळ नाही म्हटलं. डॉक्टरीण बाई तरुण, घाईतल्या, पण बोलणं स्वच्छ. मलम दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांना उन्हानं फार चांगला गुण येतो. रोज सकाळी उघड्या अंगानं उन्हात उभं राहायचं. सुरुवातीला अगदी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवायचा. भाजून घ्यायचं नाही. सबंध उन्हाळा न चुकता केलंत तर थंडीपर्यंत बराच फरक पडेल." भाऊजींनी विचारलं, "पूर्ण?" त्या म्हणाल्या, "तुमच्या काउंटरपुरतं तरी नक्की." परत येताना भाऊजी रस्त्यात शीळ घालत होते. त्यांना शीळ येते हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चड्डीवर गच्चीत जाऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीच्या खिडक्या पटापट उघडल्या आणि त्याहून पटापट लागल्या. संध्याकाळी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी दारात हजर. गच्चीवर सगळ्यांचे कपडे वाळत असतात, लोक घाबरतात, लहान मुलं आहेत, वगैरे. मी म्हटलं, "हा आजार कुणाला लागत नाही." ते म्हणाले, "लागत नसेल हो, पण दिसतो ना." दार लावल्यावर जाऊबाई नवऱ्याकडे वळल्या. "पुन्हा उघडं अंग घेऊन वर गेलात तर खाली येऊ नका. माझी मान वर करायची सोय ठेवली नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींच्या चेहऱ्यावर तेज होतं. दुपारी दुकानातून एक गुंडाळी घेऊन आले आणि माझ्या शिलाई मशीनवर ठेवली. असं कापड मी कधी हातात धरलं नव्हतं. पांढरंशुभ्र, वाऱ्यावर तरंगेल असं. भाऊजींनी त्याची घडी माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि पलीकडे वर्तमानपत्र धरलं. "वाच," म्हणाले. मी बातमी वाचून दाखवली, बारीक अक्षरांसकट.

"आता बोल," ते म्हणाले. "अक्षर जातं तिथे ऊन जाणार नाही? याचा सैल झगा शिव. मनगटापर्यंत बाह्या, पायघोळ, डोक्यावर टोपी. लोकांना अंग दिसणार नाही, आणि उन्हाला हे कापड म्हणजे नसल्यासारखंच."

"डॉक्टरीण बाईंना एकदा विचारू या," मी म्हटलं. "नाहीतर माझ्याकडे ती जुनी सुती चादर आहे, धुऊन धुऊन पार विरलेली. तिचा शिवते."

त्यांनी चादर हातात घेतली, चोळली, उजेडात धरली आणि चेहरा असा केला की जणू मी त्यांना पायपुसणं दिलं. "हे मळकं गोणपाट? यातून समोरची भिंत दिसत नाही, सूर्य कुठून येणार? आणि कापडातलं मला आता डॉक्टर शिकवणार का?"

मी झगा शिवला. कापड सुईखालून निसटत होतं, पण काम चांगलं झालं.

सबंध उन्हाळा भाऊजी रोज सकाळी तो झगा घालून गच्चीत उभे राहिले. सूर्याकडे पाठ, मग सूर्याकडे तोंड, मग हात पसरून. खाली रस्त्यावरून जाणारे वर बघून म्हणत, "पडदा वाळत घातलाय." भाऊजींनी ते कधी मनावर घेतलं नाही. एक दिवस चुकवला नाही. ताप असताना गेले, सुट्टीच्या दिवशी गेले. एवढी निष्ठा मी देवळातही पाहिलेली नाही.

आणि गुण आला की. हाताचे पंजे बाहीच्या बाहेर असायचे, ते बघता बघता साफ झाले. रंग उन्हानं तांबूस, कातडी नितळ. भाऊजी जेवताना हात उलटेसुलटे करून आम्हाला दाखवायचे. त्या दिवसांत मला ते खरंच आवडायला लागले होते. मनगटाच्या वर मात्र सगळं जसंच्या तसं होतं. मनगटापाशी एक सरळ रेघ होती, एखाद्यानं पट्टी लावून आखावी तशी. मी ती दाखवली तर म्हणाले, "आजार टोकाकडून आत हटतो. आधी पंजे, मग दंड, मग पाठ. घाई करून कसं चालेल?" हा सिद्धांत त्यांनी कुठून काढला ते विचारू नका. दवाखान्यात रांग लांब, डॉक्टरीण बाईंना वेळ कमी. भाऊजी टेबलावर नुसते पंजे ठेवायचे. त्या विचारायच्या, "अंगाचं काय?" ते म्हणायचे, "तेही मागोमाग येतंय." "ऊन रोज घेता?" "एक दिवस चुकलो नाही." यात खोटं काहीच नव्हतं. त्या उन्हाची वेळ वाढवून द्यायच्या आणि पुढच्या माणसाला हाक मारायच्या.

उन्हाळा सरला, पावसाळाही मिळेल तेवढ्या उन्हात उभं राहण्यात गेला. दुकान उघडायला थोडे दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीण बाई एकदाच्या म्हणाल्या, "आज शर्ट काढा." भाऊजींनी काढला. बाईंनी पाठ पाहिली, दंड पाहिले, मग मनगट धरून त्या रेघेकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही काय घालून उभे राहता उन्हात?"

भाऊजींनी अभिमानानं सांगितलं. वीण सांगितली, सूत पॉलिएस्टरचं हे सांगितलं, वर्तमानपत्राचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, डोळ्यांना दिसतो तो उजेड. कातडीवर काम करतं ते ऊन डोळ्यांना दिसतच नाही. पॉलिएस्टरचा धागा नेमकं तेच अडवतो. वर कापड असं शुभ्र दिसावं म्हणून रसायन घालतात, तेही ते पिऊन टाकतं. तुम्हाला उजेड मिळाला, ऊन मिळालं नाही."

"पण मी त्यातून वाचलंय," भाऊजी म्हणाले.

"वाचलं असेल. वाचून सोरायसिस बरा होत नाही."

मला त्या बाईच्या तोंडात मारावीशी वाटली. मग मी त्या चादरीबद्दल विचारलं, आणि न विचारते तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जुनं विरलेलं सुती कापड? उघड्या अंगाची सर नाही, पण त्यातून पुष्कळ गेलं असतं. आता ऊन उतरलं. पुढच्या उन्हाळ्यात नव्यानं सुरू करू." भाऊजी शर्टाची बटणं लावत होते. एक बटण चुकीच्या काजात गेलं आणि ते तसंच घरी आले.

मालकांनी दिलेली मुदत त्यांच्या डोक्यात घण घालत असणार. दोन दिवसांनी, घरात कुणाला न सांगता, ते भर दुपारी गच्चीत गेले, दाराला गच्चीच्या बाजूनं कडी घातली, अंगावरचं सगळं काढलं आणि फरशीवर पालथे झोपले. उन्हाळाभराचं ऊन एका दुपारी घ्यायचं होतं त्यांना. जाऊबाईंना ते वर गेल्याचं कळलं होतं. मी बाजारातून परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "राहू दे. एकदाचं काय ते होऊ दे." मी वर धावले, गच्चीचं दार ठोठावलं, ओरडले, शेवटी सेक्रेटरींना बोलावून कडी तोडली. ऊन उतरतं होतं खरं, पण ज्या पाठीनं वर्षभर ऊन पाहिलंच नव्हतं तिला ते पुरून उरलं. पाठ लाल नव्हती, जांभळी होती. सेक्रेटरी दारातच थांबले आणि म्हणाले, "निदान चड्डी तरी घालायची."

फोड आले, फुटले, आणि जिथे जिथे भाजलं होतं तिथे तिथे सोरायसिस नव्यानं उमटला, पूर्वी नव्हता तिथेसुद्धा. नवं दुकान उघडलं त्या दिवशी भाऊजी पलंगावर पालथे पडून होते आणि जाऊबाई शेजारणीला सांगत होत्या की यांना साधा ताप आहे. बरे झाल्यावर ते निमूट तळघरात ठाणं मोजायला जायला लागले. घरात कुणाच्या कपड्याला नाव ठेवणं बंद झालं. मी मुद्दाम एक भडक, भिकार कापडाचा झगा घालून त्यांच्यासमोरून गेले. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला भीती वाटली.

माझ्या नवऱ्याला राहवलं नाही. तो भोळा आहे, चांगल्या मनानं माणसाचं वाटोळं करतो. तो मालकांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं: "दादाचा काही दोष नाही, त्याचा आजार बरा होणारा आहे, बघा, पंजे झालेत. त्या कापडानं ऊन अडवलं. त्याला अजून एक उन्हाळा द्या." मालकांनी मन लावून ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, "कुठलं कापड म्हणालात?"

पंधरवड्याच्या आत ते कापड नव्या दुकानाच्या काचेत झळकलं. खिडक्यांचे पडदे, बाबागाडीवरची छत्री, मुलांचे अंगरखे: 'उजेड आत, ऊन बाहेर.' आणि भाऊजींना वर बोलावणं आलं.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. भाऊजी डबा विसरले होते, तो द्यायला मी गेले होते. काउंटरवर एक तरुण आई तान्हं मूल घेऊन उभी होती. ती म्हणाली, "इतकं पातळ आहे, यानं कसलं ऊन अडतंय?" विक्रेता म्हणाला, "थांबा, दाखवतोच." त्यानं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "पारखी, जरा वर या!" भाऊजी वर आले. काळा कोट घातला होता, दुकानानं दिलेला. दिव्यांखाली काउंटरपाशी उभे राहिले, बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. खाली नितळ तांबूस पंजा, मग ती रेघ, आणि रेघेच्या वर ते सगळं. बाईनं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं. भाऊजी आपल्या जुन्या, भरदार आवाजात म्हणाले, "बाई, सबंध उन्हाळा मी हे घालून उभा होतो. जिथे कापड नव्हतं तिथे ऊन लागलं. जिथे होतं तिथे, बघा, अजिबात नाही." चार पापुद्रे काउंटरवर पडले. विक्रेत्यानं ते मऊ ब्रशनं पुसून घेतले. त्यासाठी ब्रश तिथेच ठेवलेला होता. बाईनं कापड घेतलं, घरातल्या दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांना पुरेल एवढं.

त्या संध्याकाळी भाऊजी खुशीत होते. आज पाच वेळा वर बोलावलं म्हणाले. जाऊबाईंनी त्यांना गरम वाढलं. नवरा म्हणजे पुन्हा काउंटरवरचा माणूस झाला होता, आणि शेजारणींना तेवढंच सांगायचं होतं.

ऊन पुन्हा चढायला लागलं तेव्हा मी ती विरलेली चादर धुऊन ठेवली आणि भाऊजींना म्हटलं, "डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय, या वर्षी नव्यानं सुरू करायचं. सेक्रेटरींशी मी बोलते, जाऊबाईंशी मी भांडते. अंग साफ होईल, भाऊजी."

त्यांनी चादर घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आणि हात साफ झाला की मी परत खाली तळघरात." हे त्यांनी रागानं किंवा दुःखानं म्हटलं नाही. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं म्हटलं. त्यांच्याजवळ एक गुंडाळी होती, ती त्यांनी माझ्या मशीनवर ठेवली. तेच कापड. "जुना झगा विटला. नवा शिव. आणि या वेळी बाही मनगटाला घट्ट बसव. थंडीत रेघ पुसट झालीय, गिऱ्हाइकांना नीट दिसत नाही."

मी रडले, भांडले, गुंडाळी त्यांच्या अंगावर फेकली. शिवणार नाही म्हणजे नाही, असं मी सांगितलं. त्यांनी कापड उचललं, धूळ झटकली, घडी नीट केली आणि जाऊबाईंनी ते दुसऱ्या शिंप्याकडून शिवून आणलं. परवापासून ते रोज सकाळी गच्चीवर जाऊन उभे राहतात.